महात्मा फुले जन आरोग्य योजना: पात्रता, कागदपत्रे आणि रुग्णालयातल्या पायऱ्या

महाराष्ट्रात शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून व्हावा म्हणून आता गरिबी सिद्ध करावी लागत नाही. तरीही पात्र कुटुंबे योजनेबाहेर राहतात. बहुतेक वेळा कारण एकच असते: शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, किंवा रुग्णाचे नाव शिधापत्रिकेवर चढलेलेच नसते. ही गोष्ट दाखल झाल्यावर कळते, आणि तेव्हा घरातला एक माणूस रुग्णाजवळ बसायचा सोडून तहसील कार्यालयाच्या रांगेत उभा राहतो. म्हणून या लेखात रुग्णालयाच्या आधीच्या कामावर जास्त भर दिला आहे. घरात सगळे धडधाकट असताना दोन-तीन फेऱ्यांत हे काम होऊन जाते.

योजना कोणती आणि कोणासाठी

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाते. जुनी माणसे अजून 'जीवनदायी'च म्हणतात आणि रुग्णालयातही तो शब्द सगळ्यांना समजतो.

खरा बदल २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने झाला. १ जुलै २०२४ पासून तो अमलात आहे. त्याआधी फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची बहुतेक कुटुंबे बाहेर होती. आता संरक्षण ५ लाखांचे आहे, आणि राज्यातले कोणतेही शिधापत्रिकाधारक किंवा अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंब त्यात येते. 'आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हाला काही मिळत नाही' असे म्हणणारी घरे अजून खूप आहेत. त्यांनी हा समज काढून टाकावा.

५ लाख ही रक्कम माणशी नसून पूर्ण कुटुंबाची, योजनेच्या एका वर्षाची आहे. एकाच माणसाच्या उपचारावर ती संपू शकते आणि पाच जणांत वाटलीही जाऊ शकते. कुटुंब म्हणजे एका शिधापत्रिकेवरची माणसे. एका छताखाली दोन भावांच्या दोन शिधापत्रिका असतील तर योजनेच्या हिशेबात ती दोन कुटुंबे होतात.

शिधापत्रिकेपलीकडचे काही गटही पात्र आहेत: अनाथालयातली मुले, शासकीय आश्रमशाळेतले विद्यार्थी, महिला आश्रमातल्या स्त्रिया, वृद्धाश्रमातले ज्येष्ठ, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि अधिस्वीकृतीधारक पत्रकार व त्यांची कुटुंबे. त्यांच्यासाठी संस्थेचे पत्र, कामगार मंडळाचे ओळखपत्र किंवा अधिस्वीकृतीपत्र चालते. कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांनाही राज्याने योजनेत घेतले आहे.

शिधापत्रिकेचा रंग कुठे लागतो

१ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांच्या शिधापत्रिका आहेत. पिवळी दारिद्र्यरेषेखालच्यांची, जुन्या निकषाने वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. केशरी १५,००० ते १ लाखापर्यंतच्यांची, घरात चारचाकी नसावी आणि बागायती जमीन ४ हेक्टरपेक्षा कमी असावी या अटींवर. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला चारचाकीच्या अटीतून सूट आहे. १ लाखाच्या वर उत्पन्न असेल, किंवा चारचाकी वा ४ हेक्टर बागायत असेल, तर पांढरी.

आरोग्य योजनेत शिरायला रंग आडवा येत नाही, पण म्हणून रंग बिनकामाचा ठरत नाही. अंत्योदय (अतिगरीब) आणि प्राधान्य (सवलतीच्या धान्याला पात्र) कुटुंबांची नावे आयुष्मान कार्डाच्या, म्हणजे केंद्राच्या योजनेच्या ओळखपत्राच्या, यादीत सहज सापडतात, आणि त्या कार्डावर राज्याबाहेरही उपचार होतात. शिवाय धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात पिवळे कार्ड स्वतःच गरिबीचा पुरावा ठरते. प्राधान्य कुटुंबाचा शिक्का बसायला ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० ही वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. तुम्ही खरोखर त्या मर्यादेत असाल आणि कार्ड अजून शिक्क्याविना असेल, तर पुरवठा शाखेत अर्ज देऊन ठेवा.

पहिली पायरी: घरातले कार्ड बाहेर काढा आणि हे तपासा

कार्डावर १२ अंकी क्रमांक आहे का ते आधी बघा. हा क्रमांक म्हणजे कार्ड ऑनलाइन नोंदले गेल्याची खूण. जुन्या कार्डावर फक्त हाताने लिहिलेला क्रमांक असतो. रुग्णालयातल्या संगणकाला तो ओळखू येत नाही, आणि 'कार्ड ऑनलाइन नाही' हे उत्तर मिळते. रेशन उचलत नसलेल्या कुटुंबांत, विशेषतः पांढऱ्या कार्डाच्या घरांत, हा दोष सर्रास आढळतो. वर्षानुवर्षे कुणी दुकानात गेलेले नसते आणि नोंद मागे राहिलेली असते.

मग एकेक नाव आधारशी ताडून पाहा. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, जन्मसाल, स्त्री की पुरुष. कार्डावर 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब', कार्डावर लग्नाआधीचे नाव आणि आधारवर सासरचे, एका ठिकाणी जन्मसाल १९६२ आणि दुसरीकडे १९६८, अशा फरकांवर अर्ज अडतात. मराठीतले नाव बरोबर असते आणि इंग्रजी नोंदीत चूक असते, असेही होते. संगणकावरची जुळवणी बहुधा इंग्रजी नोंदीवर चालते, म्हणून ऑनलाइन नोंदीतले इंग्रजी नाव पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नका.

तिसरी गोष्ट ई-केवायसी. कार्डावरच्या प्रत्येकाचे आधार जोडून रेशन दुकानातल्या यंत्रावर बोट लावून घ्यावे लागते. म्हाताऱ्या माणसांचे आणि काबाडकष्ट करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. अशा वेळी 'मेरा ई-केवायसी' या ॲपवरून चेहरा दाखवून काम होते. त्यासाठी फोनमध्ये 'आधार फेस आरडी' हे ॲपही लागते आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो.

दुसरी पायरी: नाव चढवणे, कमी करणे, नवे कार्ड

हे काम गावाकडे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होते, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात, आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांच्या परिमंडळात. नव्या कार्डासाठी नमुना १, नाव वाढवण्यासाठी नमुना ८, नाव कमी करण्यासाठी नमुना ९.

सुनेचे नाव चढवायचे तर आधी तिचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी व्हायला हवे. तो दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि आधार, एवढे जोडा. अडचण इथेच होते: माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असते, तिथे कुणी कार्यालयात जात नाही, आणि लग्नाला चार वर्षे झाली तरी ती कागदावर माहेरचीच असते. बाळंतपणात गुंतागुंत झाली की हा कागद आठवतो. माहेरचे नाव कमी करण्याचा अर्ज लग्नाच्या महिन्यातच द्यावा.

बाळासाठी जन्मदाखला लागतो. अगदी लहान मूल आजारी पडले आणि नाव अजून चढलेले नसेल, तर जन्मदाखला, पालकाची शिधापत्रिका आणि पालकासोबत काढलेला बाळाचा फोटो घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, जा. नुसते नाव नाही म्हणून परत फिरू नका. मृत व्यक्तीचे नाव मृत्यूदाखला देऊन कमी करा.

घरातल्या कर्त्याचे कार्ड विभक्त करायचे असेल तर जुन्या कार्डातून नाव कमी होणे आणि नवे कार्ड मिळणे, यांत अंतर पडते. त्या काळात माणूस दोन्हीकडे नसतो. घरात कुणी आजारी असेल तर विभक्तीचा अर्ज पुढे ढकलावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या. शिधापत्रिकेच्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयाच्या फलकावर लावलेली असावी लागते, आणि मुदत टळली की प्रथम अपील करता येते. पोच नसेल तर अपिलाला आधारच उरत नाही. रुग्ण आधीच दाखल असेल, तर रुग्णालयाच्या पत्रावर आजाराचे नाव आणि दाखल केल्याची तारीख लिहून घ्या, ते अर्जाला जोडा आणि थेट तहसीलदार किंवा पुरवठा अधिकाऱ्यांना भेटा. खिडकीवर अर्ज टाकून परत येणे अशा वेळी पुरेसे नसते.

आयुष्मान कार्ड

फुले योजनेत शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र यांवर उपचार होतात, तरी आयुष्मान कार्ड काढून ठेवावे. ते मोफत आहे. आपले सरकार केंद्रात, सूचीबद्ध (योजनेत नोंदलेल्या) रुग्णालयात किंवा फोनवरच्या आयुष्मान ॲपवर ते निघते. ॲपमध्ये राज्य आणि जिल्हा निवडून आधार क्रमांक टाकला की यादीत नाव आहे का ते दिसते. नाव असेल तर आधारचा ओटीपी, बोटाचा ठसा, डोळा किंवा चेहरा यांपैकी एका मार्गाने ओळख पटवायची, फोटो काढायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. नावे नीट जुळत असतील तर काम लवकर होते. फरक असेल तर अर्ज तपासणीत जातो आणि नाकारलाही जातो. कार्ड प्रत्येक सदस्याचे वेगळे निघते, कुटुंबप्रमुखाचे काढले म्हणजे सगळ्यांचे झाले असे होत नाही.

७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरले जाते. आधीच पात्र असलेल्या घरातल्या ७० वर्षांवरच्यांना यात स्वतंत्र ५ लाख मिळतात, आणि बाकीच्यांचे ५ लाख तसेच राहतात. नवरा-बायको दोघेही ७० च्या वर असतील तर हे जादा ५ लाख दोघांत मिळून असतात. खासगी विमा असला किंवा राज्य कामगार विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते.

तिसरी पायरी: रुग्णालय निवडताना

'हे रुग्णालय योजनेत आहे का' एवढा प्रश्न अपुरा आहे. रुग्णालय योजनेत असते, पण ठरावीक विशेष शाखांपुरतेच. हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी नोंदलेले रुग्णालय हृदयाची शस्त्रक्रिया योजनेत करू शकत नाही. म्हणून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर फोन करून आजार सांगा आणि त्या आजारासाठी जवळ कोणती रुग्णालये आहेत ते विचारा. केंद्रीय योजनेचा क्रमांक १४५५५ आहे. जिल्ह्याची अट नाही: बीडचे कार्ड पुण्यात चालते, गडचिरोलीचे नागपुरात.

दुसरे, तुमचा उपचार यादीत आहे का? २०२३ च्या निर्णयाने १,३५६ उपचार आले, आणि ती यादी २,३९९ पर्यंत वाढवण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये घेतला. यादीतले काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खासगी रुग्णालय 'हे योजनेत होत नाही' म्हणते तेव्हा ते टाळाटाळ करत आहे की उपचार खरेच राखीव आहे, हे हेल्पलाइनवर एका मिनिटात कळते. विचारल्याशिवाय पैसे भरायला तयार होऊ नका.

साध्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, दाखल न होता घेतलेला सल्ला असा बाह्यरुग्ण खर्च योजनेत बसत नाही. ही योजना मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे.

चौथी पायरी: आरोग्यमित्र ते डिस्चार्ज

सूचीबद्ध रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, बहुधा प्रवेशद्वाराजवळ किंवा नोंदणीच्या खिडकीशेजारी. केसपेपर काढण्याआधी तिथे जा. रुग्णाला आधी सर्वसाधारण म्हणून दाखल केले, पैसे भरले आणि दोन दिवसांनी योजनेचा विषय काढला, की मधल्या दिवसांचा हिशेब वादात सापडतो. ही योजना रोकडरहित आहे. खिशातून भरून नंतर बिल लावून परत मिळवण्याची सोय तिच्यात धरून चालू नका.

सोबत मूळ शिधापत्रिका आणि तिच्या दोन प्रती, रुग्णाचे आधार, आधीचे सगळे रिपोर्ट आणि चालू मोबाइल क्रमांक ठेवा. आधार नसेल तर मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, शाळेचे ओळखपत्र, फोटो असलेले बँक पासबुक यांपैकी काहीही चालते.

आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर तपासून उपचार ठरवतात, आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागते. साधारण एका दिवसात उत्तर येते. उत्तर तीन प्रकारचे असते: मंजूर, नामंजूर, किंवा शंका. शंका आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा पुराव्याचा कागद राहिलेला असतो. अँजिओप्लास्टीसाठी अँजिओग्राफीची सीडी, कर्करोगासाठी बायोप्सीचा अहवाल, हाड मोडले असेल तर एक्स-रे, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सीटी किंवा एमआरआयची फिल्म. नुसता रिपोर्ट पुरत नाही, मूळ फिल्म लागते. आणि ती घरी कपाटात राहिली असेल तर मंजुरी तेवढीच लांबते. 'मंजुरी अडली' असे सांगितले तर आरोग्यमित्राला विचारा की शंका काय लिहिली आहे. ती त्याच्या पडद्यावर दिसते आणि तुम्हाला ती जाणून घेण्याचा अधिकार आहे.

तातडीच्या रुग्णाला कागदासाठी थांबवायचे नसते. हृदयविकाराचा झटका, अपघात, विषबाधा अशा वेळी रुग्णालय दाखल करून घेते, दूरध्वनीवरून तातडीची मंजुरी घेतली जाते आणि कागद मागून सादर होतात. दाखल करणाऱ्याने लगेच घरी कुणाला तरी शिधापत्रिकेचा फोटो पाठवायला सांगावे. १२ अंकी क्रमांक मिळाला की पुढचे काम सुरू होते.

मंजुरीनंतर खाट, शस्त्रक्रिया, औषधे, स्टेंट किंवा प्लेट यांसारखी उपकरणे, दाखल असतानाच्या तपासण्या, रुग्णाचे जेवण आणि परतीचे एक वेळचे भाडे हे सगळे पॅकेजमध्ये येते. डिस्चार्जनंतरची काही दिवसांची औषधेही त्यातच. 'योजनेतला स्टेंट हलका असतो, वरचे पैसे भरा, चांगला टाकू' असे कुणी म्हणाले तर ते लेखी मागा. सहसा ते लेखी मिळत नाही, आणि विषय तिथेच संपतो.

केमोथेरपी किंवा डायलिसिस लांबणारे असते. प्रत्येक टप्प्यावर किती रक्कम वापरली गेली आणि ५ लाखांतले किती शिल्लक आहेत हे आरोग्यमित्राकडून लिहून घेत जा. वर्षाच्या मध्यात रक्कम संपली की पुढच्या सोयीसाठी वेळ हाताशी हवा.

डिस्चार्जच्या वेळी समाधानपत्रावर सही मागतात. पैसे घेतले गेले असतील आणि पावती दिली नसेल, तर सही करण्याआधी ते त्याच कागदावर लिहा. तक्रार हेल्पलाइनवर किंवा योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे करता येते; तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवा. योजना राज्य आरोग्य हमी सोसायटी चालवते, आणि जिल्ह्यावर समाधान झाले नाही तर तिच्याकडे लेखी जाता येते.

योजनेत बसत नसेल तर

मोठी खासगी रुग्णालये अनेकदा धर्मादाय विश्वस्त संस्थांची असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बलसाठी ३,६०,००० पर्यंत. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचे कार्ड. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, आणि 'खाटा भरल्या' असे उत्तर आले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे रिकाम्या खाटांची चौकशी करा.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून किंवा पोर्टलवरून निघतो. आधार, शिधापत्रिका, फोटो, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो: शेतकऱ्याला सातबारा, ८-अ आणि तलाठ्याचा अहवाल, पगारदाराला फॉर्म १६. घरात कुणी दीर्घ आजारी असेल तर हा दाखला दर वर्षी एप्रिल-मे मध्येच काढून ठेवावा, म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी टळते.

मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर अर्ज करता येतो. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि आजाराचे रिपोर्ट जोडावे लागतात. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते, म्हणून अर्ज डिस्चार्जच्या आधी पोहोचायला हवा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयातले छिद्र, फाटलेला ओठ यांसारख्या आजारांसाठी अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला, किंवा ते चुकले तर जिल्हा रुग्णालयाला विचारा. राज्यात रस्ते अपघातात जखमी झालेल्याला, तो कुठल्याही राज्याचा असला तरी, फुले योजनेतल्याच अपघात तरतुदीत १ लाखापर्यंतचे उपचार मिळतात; त्यासाठी शिधापत्रिका नसली तरी चालते.